शेल ईमॅक्सच्या आत

टर्मिनलमध्ये कमांड मारली की आउटपुट येतं आणि आलं की ते आपल्या हातातून गेलेलं असतं. म्हणजे दिसतं अजून, माउसने निवडून कॉपी करता येतं, वर स्क्रोल करता येतं, पण त्यातल्या चार ओळी उडवायच्या, उरलेल्या सॉर्ट करायच्या, दोन कॉलमची अदलाबदल करायची आणि त्यातूनच पुढची कमांड तयार करायची असं काही डोक्यात असलं तर एकतर वरचा बाण दाबून पहिलीच कमांड परत आणायची आणि तिच्यामागे अजून एक पाइप, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारं उभं चिन्ह, जोडायचा, नाहीतर सगळं एका फाइलमध्ये ढकलून ती फाइल एडिटरमध्ये उघडायची. मी बरीच वर्षं हे सगळं ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये करतो, आणि त्याचं कारण असं की तिथे कमांडचं आउटपुट हा साधा मजकूर असतो. मी स्वतः टाइप केलेल्या मजकुरावर जे जे करता येतं ते सगळं त्याच्यावर करता येतं.

ईमॅक्समध्ये जे काही असतं ते बफरमध्ये, म्हणजे मजकूर ठेवायच्या जागेत, असतं. फाइल उघडली की तिचा बफर, फोल्डर उघडला की त्याचा बफर, आणि मेटा-एक्स दाबून, मेटा म्हणजे आपल्या कीबोर्डवरचं आल्ट, "शेल" असं टाइप केलं की बॅश, म्हणजे आपल्या कमांड घेऊन चालवणारं शेल, एका बफरमध्ये सुरू होतं. दिसायला प्रॉम्प्ट तोच, कमांड त्याच, पण कर्सर कुठेही नेता येतो. मागच्या आउटपुटमध्ये कंट्रोल-एस मारून शोधता येतं, नको असलेलं लांबलचक आउटपुट कंट्रोल-सी कंट्रोल-ओ मारून तिथल्या तिथे पुसता येतं, हवं असलेलं कंट्रोल-सी कंट्रोल-एस मारून फाइलमध्ये ठेवता येतं, आणि कंट्रोल-सी कंट्रोल-पी मारत मारत एकेका प्रॉम्प्टवर मागे जाता येतं. दिवसभराचं काम एका बफरमध्ये साचतं आणि संध्याकाळी तोच बफर सेव्ह केला की काय काय केलं त्याची नोंद आयती मिळते. कुठल्या कमांडला नेमकी काय एरर आली होती हे आठवत बसावं लागत नाही.

पण शेल बफर हा फक्त दरवाजा झाला. मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे मेटा आणि पाइपचं उभं चिन्ह. मजकुराचा एक तुकडा निवडायचा, मेटा-पाइप दाबायचं, खाली कमांड विचारतो, तिथे सॉर्ट, ऑक, जेक्यू असं मजकूर गाळणारं जे हवं ते लिहायचं, निवडलेला तुकडा त्या कमांडला इनपुट म्हणून जातो आणि आउटपुट वेगळ्या खिडकीत दिसतं. आणि त्याच्याआधी कंट्रोल-यू दाबलं तर निवडलेल्या तुकड्याच्या जागी आउटपुट येऊन बसतं. एवढंच. पण याचा अर्थ काय होतो बघा, युनिक्समधलं प्रत्येक फिल्टर, जे पन्नास वर्षांपासून लोक लिहितायत ते सगळं, तुमच्या एडिटरची कमांड होऊन जातं. त्यासाठी प्लगइन नको, कॉन्फिग नको. मनासारखं झालं नाही तर अनडू.

एक उदाहरण देतो. सर्व्हरने रात्री पाचशेच्या, म्हणजे सर्व्हरच्याच चुकीच्या, एरर दिल्या असं कोणी सांगितलं तर मी एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग घेतो, त्यातला हवा तेवढ्या वेळेचा भाग नव्या बफरमध्ये कॉपी करतो आणि कीप-लाइन्स ही कमांड देऊन फक्त पाचशेच्या घरातले स्टेटस असलेल्या ओळी ठेवतो. मग डोळ्यांनी वाचतो. हे वाचणं महत्त्वाचं आहे, कारण वाचताना कळतं की यातल्या निम्म्या ओळी मॉनिटरिंगच्या आहेत, मग फ्लश-लाइन्स देऊन त्या उडवतो. परत वाचतो. आता कळतं की एकाच प्रकारच्या यूआरएलवर सगळं चाललंय, पण प्रत्येक यूआरएलच्या शेवटी वेगळा आयडी आहे म्हणून ते वेगवेगळे दिसतायत, मग तो आयडी रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुराचा साचा सांगून, काढून टाकतो, आणि मग शेवटी कंट्रोल-यू मेटा-पाइप देऊन ऑकने सातवा कॉलम म्हणजे यूआरएल, सॉर्ट, युनिक -सी ने प्रत्येकाची मोजणी, परत उलटा सॉर्ट. झालं, यादी समोर.

हे सगळं एका ओळीच्या पाइपलाइनमध्ये बसतं, मान्य, आणि ती ओळ मी लिहितोही. पण नंतर लिहितो. आधी डेटा कसा आहे हेच माहीत नसताना पाइपलाइन लिहायला बसलं की माणूस अंदाजाने ग्रेप, म्हणजे ओळी शोधणारी कमांड, मारतो, आउटपुट बघतो, परत मारतो, आणि मधल्या टप्प्यांवर डेटा कसा दिसत होता ते कधीच नीट दिसत नाही. बफरमध्ये प्रत्येक टप्पा समोर असतो. पायऱ्या पक्क्या झाल्या की त्याच पायऱ्यांची स्क्रिप्ट लिहायची, आणि ती पहिल्या फटक्यात चालायची शक्यता खूप वाढते कारण प्रत्येक पायरीचा आकार तुम्ही स्वतः बघितलेला असतो.

जाता जाता एक गोष्ट, तुम्ही ईमॅक्स कधी उघडलं नसेल तरी बॅश वापरत असाल तर त्याच्या अर्ध्या कीज तुमच्या बोटांत आधीच आहेत. ओळीच्या सुरुवातीला जायला कंट्रोल-ए, शेवटी जायला कंट्रोल-ई, पुढचं सगळं कापायला कंट्रोल-के, कापलेलं चिकटवायला कंट्रोल-वाय, इतिहासात मागे शोधायला कंट्रोल-आर, ह्या सगळ्या ईमॅक्सच्या कीज आहेत. ब्रायन फॉक्सने १९८९ मध्ये जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी बॅश आणलं, त्यातली ओळ संपादायची सोय म्हणजे रीडलाइन ही लायब्ररी, आणि तिची मूळ सेटिंग ईमॅक्सची आहे. जीडीबी या डीबगरमध्ये वगैरे तीच चालते, मॅकच्या साध्या टेक्स्ट बॉक्समध्येसुद्धा यातल्या बऱ्याच चालतात. आणि बॅशमध्ये कंट्रोल-एक्स कंट्रोल-ई दाबून बघा, अर्धवट टाइप केलेली कमांड तुमच्या एडिटरमध्ये उघडते, तिथे नीट लिहून सेव्ह करून बाहेर पडलं की लगेच चालते, त्यामुळे चार ओळींचा फॉर लूप प्रॉम्प्टवर बाण मारत मारत दुरुस्त करायची गरज नाही.

आता प्रोग्रामेबल म्हणजे काय त्याच्याकडे येतो, कारण माझ्या मते ईमॅक्सचा खरा मुद्दा तोच आहे. बहुतेक एडिटरमध्ये प्लगइन लिहिणं हे वेगळं काम असतं, वेगळा प्रोजेक्ट, वेगळी फाइल, मग रीस्टार्ट. ईमॅक्समध्ये तुम्ही दाबलेली प्रत्येक की म्हणजे लिस्प या भाषेतल्या एका फंक्शनला हाक असते. कंट्रोल-एफ दाबलं की फॉरवर्ड-कॅर नावाचं फंक्शन चालतं. तेच फंक्शन तुम्ही तुमच्या कोडमधून बोलावू शकता. त्यामुळे हाताने केलेलं काम आणि प्रोग्रामने केलेलं काम यांच्यात भिंत नाही, एकातून दुसऱ्यात हळूहळू जाता येतं.

हे असं का झालं त्याला इतिहास आहे. १९७६ मध्ये एमआयटीच्या एआय लॅबमध्ये टेको नावाच्या एडिटरवर लोकांनी आपापले मॅक्रो, म्हणजे कमांडच्या साठवलेल्या रांगा, रचले होते, त्यांची मोट बांधून रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील वगैरे मंडळींनी पहिलं ईमॅक्स उभं केलं. म्हणजे जन्मच मॅक्रोंमधून. पुढे १९७८ मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्गने मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर लिस्पमध्ये ईमॅक्स लिहिलं, आणि स्टॉलमनने एका भाषणात सांगितलेली त्याची गोष्ट मला फार आवडते, ग्रीनबर्गच्या ऑफिसमधल्या सेक्रेटरी त्या ईमॅक्समध्ये स्वतःच्या कमांड लिहायला शिकल्या. त्यांना दिलेल्या पुस्तिकेत ईमॅक्स कसं वाढवायचं ते दाखवलं होतं पण याला प्रोग्रामिंग म्हणतात असं कुठेच म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे आपल्याला प्रोग्रामिंग जमणार नाही असं समजणाऱ्या बायका न घाबरता लिहू लागल्या. जेम्स गॉसलिंगनेही, ज्याने पुढे जावा केली, १९८१ मध्ये युनिक्ससाठी सी मध्ये एक ईमॅक्स लिहिलं, पण त्यातली मॉकलिस्प ही भाषा लिस्पसारखी नुसती दिसायची, खऱ्या लिस्पमधल्या लिस्ट त्यात नव्हत्या. स्टॉलमनने १९८४ मध्ये जीएनयू ईमॅक्स लिहायला घेतलं तेव्हा आत खरी लिस्प ठेवली आणि १९८५ मध्ये ते लोकांपर्यंत आलं. आज आपण वापरतो ते तेच.

हाताने करता करता प्रोग्राम कसा होतो ते माझ्या एका कामातून सांगतो, म्हणजे नीट कळेल. आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी मी सांभाळतो. ती यादी वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर टाइप केलेली आहे, कोणी गूगलच्या कीबोर्डवर, कोणी इनस्क्रिप्टने, कोणाची फाइल जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्ट होऊन आलेली. सगळ्यांच्या सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेल्या, फाइली एकत्र केल्या की दाखल क्रमांक काही ठिकाणी देवनागरी आकड्यांत तर काही ठिकाणी इंग्रजी आकड्यांत, आणि सॉर्ट करायला गेलं की सगळा गोंधळ. क्रमांकाचा कॉलम एकाच आकड्यांत आणायला हवा.

पहिला विचार येतो की अक्षरं बदलणारी टीआर ही कमांड आहेच की. पण जीएनयूचं टीआर बाइट मोजतं, अक्षर नाही. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा, आकडा यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचा असतो, त्यामुळे टीआरला देवनागरी शून्य ते नऊ दिलं की तो त्या बाइटांची सरमिसळ करून फाइलची वाट लावतो. ओळीचा तुकडा कापणाऱ्या कट -सी चंही वर्षानुवर्षं तेच, अक्षर मागितलं तरी बाइटच कापायचं. मजकूर बदलणाऱ्या सेडची वाय कमांड, सिस्टिमची भाषा-सेटिंग म्हणजे लोकेल यूटीएफ-८ असेल तर, हे काम बरोबर करते, पण ती सगळ्या ओळीवर चालते आणि मला पुस्तकाच्या नावातले आकडे जसेच्या तसे ठेवायचे होते, लेखकाने नावात देवनागरी आकडा लिहिला असेल तर तो तसाच राहायला हवा.

ईमॅक्समध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनने रिप्लेस करताना बदलीच्या जागी उलटा स्लॅश आणि स्वल्पविराम देऊन पुढे चक्क लिस्प लिहिता येतं. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक दशमानात २४०६ आणि इंग्रजी शून्याचा ४८, दोन्हीकडे आकडे ओळीने लागलेले, म्हणजे सापडलेल्या आकड्याच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की काम झालं. ते छोटं लिस्प बदलीच्या जागी लिहिलं, पहिला कॉलम आयताकृती निवडून फक्त तेवढ्यावर चालवलं. एकेक बदल होताना विचारतो, हो म्हणायचं, चार-पाच ठिकाणी बरोबर होतंय असं दिसलं की उद्गारचिन्ह दाबायचं, बाकीचे सगळे एकदम होतात.

इथपर्यंत हातानेच होतं. आता पुढची पायरी, आणि ही मी प्रत्येकाला दाखवतो. कंट्रोल-एक्स दाबून एस्केप दोनदा दाबलं की तुम्ही नुकतीच प्रश्नांची उत्तरं देऊन चालवलेली कमांड लिस्पमध्ये लिहिलेली समोर येते, तुम्ही दिलेल्या सगळ्या उत्तरांसकट. म्हणजे ईमॅक्स स्वतःच सांगतं की तू जे केलंस ते कोडमध्ये असं लिहितात. तो तुकडा उचलायचा, एका फंक्शनमध्ये ठेवायचा, थोडी डागडुजी करायची, कंसाच्या शेवटी कर्सर ठेवून कंट्रोल-एक्स कंट्रोल-ई, जी ईमॅक्समध्ये लिहिलेलं लिस्प चालवते, आणि नवी कमांड तयार. रीस्टार्ट नाही, काही नाही. पुढची फाइल आली की नुसतं त्या कमांडचं नाव.

त्याच यादीत दुसरी अडचण जास्त खोल होती आणि ती मराठीचीच आहे. "किनाऱ्या"तला, "वाऱ्या"तला तो अर्धा र, यकाराआधी आडवी रेघ होऊन येतो तो. हा दिसायला सगळीकडे सारखा, पण लिहिला जातो वेगवेगळ्या प्रकारे. कोणी ऱ हे अक्षर, ज्याचा युनिकोड हेक्साडेसिमलमध्ये ०९३१, आणि त्यापुढे हलंत आणि य असं लिहितं. कोणी साधा र, हलंत आणि मग शून्य रुंदीचा जोडक, जो डोळ्यांना दिसतच नाही, आणि मग य. आणि तिसरा प्रकार म्हणजे साधा र आणि त्याखाली नुक्ता असे दोन वेगळे क्रमांक, तोही छापून आल्यावर ऱ सारखाच. त्यामुळे "किनाऱ्यावर" असं ग्रेप केलं की काही पुस्तकं सापडतात आणि काही सापडत नाहीत, आणि यादी बघणाऱ्याला वाटतं पुस्तक वाचनालयात नाहीच.

हे कळलं कसं तर त्या अक्षरावर कर्सर ठेवून कंट्रोल-यू कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह. ईमॅक्स एक पानभर माहिती देतं, त्या अक्षराचा युनिकोड, त्याचं नाव, फाइलमध्ये ते कुठल्या बाइटमध्ये जाणार, आणि हे जोडाक्षर कुठल्या कुठल्या घटकांचं बनलंय. तिथे तो न दिसणारा जोडक नावानिशी दिसतो. डिलीट मारलं की अख्खं जोडाक्षर जातं आणि बॅकस्पेस मारलं की त्यातला शेवटचा एकच घटक जातो, ही सोय देवनागरीत काम करणाऱ्यासाठी फार मोठी आहे. शोधतानाही कंट्रोल-एस मारून मग कंट्रोल-एक्स आठ आणि एंटर, आणि मग २००डी असा क्रमांक दिला की त्या अदृश्य जोडकावर जाऊन थांबतो.

उपाय दोन पायऱ्यांत. नुक्तावाला प्रकार युनिकोडच्या नॉर्मलायझेशनमध्येच, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्यातच, ऱ होतो, ईमॅक्समध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे, निवडलेल्या मजकुरावर एनएफसी हे नॉर्मलायझेशन लावायचं. जोडकवाला प्रकार मात्र नॉर्मलायझेशन हात लावत नाही, तो आपल्याला बदलावा लागतो, आणि तोही सरसकट जोडक उडवून नाही, कारण इतर ठिकाणी अर्धं अक्षर मुद्दाम सुटं दाखवायला लोक जोडक वापरतात आणि ते त्यांचं बरोबर असतं. म्हणून फक्त र, हलंत, जोडक अशी तिन्हीची रांग सापडेल तिथेच ऱ आणि हलंत. तेवढं करून ही दोन्ही कामं आणि आकड्यांचं काम एका फंक्शनमध्ये घातलं.

आणि मग शेवटची पायरी, तेच फंक्शन कमांड लाइनवर. ईमॅक्सला --बॅच असा पर्याय दिला की तो खिडकी न उघडता, तुमची कॉन्फिग फाइल न वाचता, नुसता लिस्प चालवणारा इंटरप्रिटर म्हणून चालतो, आणि --स्क्रिप्ट दिलं तर फाइलच्या पहिल्या ओळीत ईमॅक्सचं नाव घालून ती बॅशच्या किंवा पायथनच्या स्क्रिप्टसारखी थेट चालवता येते. इथे एक लक्षात ठेवायचं, बॅचमध्ये मेसेज या फंक्शनने छापलेलं स्टँडर्ड एररवर जातं आणि प्रिन्सी ने छापलेलं स्टँडर्ड आउटपुटवर, त्यामुळे पुढे पाइप करायचं असेल तर प्रिन्सी. आता कोणाची नवी सीएसव्ही आली की ती मेकफाइलमधल्या ठरलेल्या पायऱ्यांनी या स्क्रिप्टमधून जाते. हाताने केलेलं, मग फंक्शन झालेलं, मग स्क्रिप्ट झालेलं, पण कोड तोच, परत कुठल्या दुसऱ्या भाषेत लिहावा लागला नाही.

देवनागरीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो की बऱ्याच टर्मिनलमध्ये मराठी नीट दिसत नाही, कारण टर्मिनलचा पडदा म्हणजे सारख्या आकाराच्या घरांची जाळी, आणि आपली वेलांटी आधी येते, रफार डोक्यावर जातो, जोडाक्षर किती घरं घेणार ते प्रोग्रामला एक वाटतं आणि फॉन्टला दुसरं. मग कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. ईमॅक्सच्या २७व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, अक्षरं जुळवायला हार्फबझ वापरतात, तेच जे अँड्रॉइडमध्ये आणि क्रोममध्ये आहे, त्यामुळे मराठी नावाच्या फाइली असलेल्या फोल्डरमध्ये एलएस मारलं तरी शेल बफरमध्ये नावं स्वच्छ दिसतात. मला इथेच टर्मिनल सोडायचं सगळ्यात मोठं कारण मिळालं.

फाइलींच्या नावांवरून डायर्ड, म्हणजे ईमॅक्समधला फाइल मॅनेजर, आठवलं. फोल्डर उघडला की फाइलींची यादी बफरमध्ये येते, ते सगळ्या फाइल मॅनेजरमध्ये येतं, पण इथे कंट्रोल-एक्स कंट्रोल-क्यू दाबलं की ती यादीच लिहिण्याजोगी होते. नावं बदला जशी मजकुरात बदलाल तशी, शोधा-बदला लावा, कॉलममध्ये एकाखाली एक क्रमांक घाला, मॅक्रो चालवा, आणि कंट्रोल-सी कंट्रोल-सी दाबलं की डिस्कवरच्या फाइलींची नावं खरंच बदलतात. पटलं नाही तर कंट्रोल-सी कंट्रोल-के, काहीच बदलत नाही. दोन फाइलींची नावं आपसात बदलली तरी तो मधे तात्पुरतं नाव वापरून बरोबर करतो, जे बॅशच्या लूपमध्ये आपल्याला स्वतः सांभाळावं लागतं. वाचनालयातल्या जुन्या अंकांच्या स्कॅन केलेल्या फाइलींना महिना आणि वर्ष असं एकसारखं नाव द्यायचं काम याच्यावरच झालं. एफ३ दाबून मॅक्रो सुरू, एका ओळीवर जे करायचं ते करून पुढच्या ओळीवर यायचं, एफ४ दाबून बंद, मग एफ४ दाबत राहायचं, किंवा कंट्रोल-यू शून्य एफ४, म्हणजे यादी संपेपर्यंत.

दूरच्या सर्व्हरचं थोडक्यात. फाइल उघडताना नावाच्या आधी स्लॅश, एसएसएच, कोलन, सर्व्हरचं नाव, कोलन असं लिहिलं की ट्रॅम्प, म्हणजे ईमॅक्सचा दूरच्या फाइली हाताळणारा भाग, ती फाइल सर्व्हरवरून आणतो आणि सेव्ह केली की तिथे ठेवतो. सर्व्हरवर एसएसएच आणि साधं शेल सोडून काही टाकावं लागत नाही. त्या बफरमध्ये असताना शेल उघडलं तर ते सर्व्हरवरच उघडतं, ग्रेप केलं तर सर्व्हरवर चालतं आणि सापडलेल्या ओळीवर एंटर मारलं की फाइल इथे उघडते, माझी सगळी सेटिंग, माझे सगळे मॅक्रो घेऊन. नेट मंद असेल तर मात्र ट्रॅम्प रडवतो, प्रत्येक छोट्या गोष्टीसाठी तो पलीकडे विचारायला जातो, तेव्हा मी सरळ एसएसएच करून टीमक्स, म्हणजे सर्व्हरवरचं टर्मिनल टिकवून ठेवणारा प्रोग्राम, लावतो.

स्क्रिप्ट लिहिताना कंपाइल ही कमांड वापरा, नावावर जाऊ नका, ती कुठलीही कमांड चालवते आणि आउटपुटमध्ये फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक दिसला की त्याची लिंक करते. बॅश स्क्रिप्टसाठी शेलचेकला, म्हणजे चुका शोधणाऱ्या प्रोग्रामला, जीसीसी या कंपायलरच्या साच्यात आउटपुट द्यायला सांगायचं, कंपाइलमधून चालवायचं, मग मेटा-जी एन मारत एकेका चुकीवर उडी. दुरुस्त केलं की त्या बफरमध्ये जी, परत चालतं. २९व्या आवृत्तीपासून तर शेलचेक असेल तर टाइप करतानाच खुणा दाखवायची सोय आतच आलीये.

सगळं मात्र ईमॅक्समध्ये कोंबू नये असं माझं ठाम मत आहे. टॉप, एचटॉप असे पूर्ण पडदा वापरणारे प्रोग्राम शेल बफरमध्ये चालत नाहीत, त्यांना टर्मिनलच हवं. ईशेल नावाचं पूर्ण लिस्पमध्ये लिहिलेलं शेल ईमॅक्समध्ये २००१ च्या २१व्या आवृत्तीपासून आहे, विंडोजवर ते फार कामाला येतं कारण बॅश नसलं तरी चालतं, आणि आउटपुट थेट बफरमध्ये वळवता येतं, पण त्यात फाइलमधून इनपुट घ्यायचं उलटं कोनाचं चिन्ह चालत नाही आणि मोठ्या डेटाचे पाइप संथ होतात. काही जीबीचा लॉग बफरमध्ये उघडायच्या आधी सर्व्हरवरच ग्रेपने छाटून घ्यावा. आणि विम हा दुसरा एडिटर वापरणाऱ्यांशी माझं भांडण अजिबात नाही, तिथेही निवडलेल्या ओळी सॉर्टमधून काढून परत जागेवर आणता येतात, त्याच्या नव्या रूपात, निओविममध्ये, लुआ ही भाषा आहे, बोटं तिथे बसली असतील तर तिथेच राहा. मला ईमॅक्स जवळचं वाटतं ते त्या कंट्रोल-एक्स एस्केप एस्केपमुळे, आपण काय केलं ते कोडमध्ये दाखवणारं असं दुसरं काही मला माहीत नाही.

सुरुवात करायची असेल तर तयार कॉन्फिग उतरवून घेऊ नका. शंभर पॅकेज एकदम येतात आणि कुठली की कोणाची ते कळत नाही. कोरं ईमॅक्स उघडा, शेल बफर आणि मेटा-पाइप एवढ्यावर काही दिवस रोजचं काम करा. ईमॅक्समध्ये त्याचा सर्व्हर सुरू करून एडिटर म्हणून ईमॅक्सक्लायंट सेट करा म्हणजे गिटचा कमिट मेसेज, क्रॉनटॅब, बॅशमधली कंट्रोल-एक्स कंट्रोल-ई वाली लांब कमांड, सगळं चालू असलेल्या ईमॅक्समध्येच उघडेल. आणि काही अडलं तर आधी गूगल न करता कंट्रोल-एच के दाबा आणि मग जी की समजून घ्यायची ती दाबा. मेटा-पाइप दाबून बघा, ती शेल-कमांड-ऑन-रीजन आहे असं सांगेल, खाली पूर्ण माहिती देईल, आणि वर ज्या फाइलीत ती लिहिलीये त्या सिंपल डॉट ईएलची लिंक असेल. सोर्स बसवलेला असेल तर एंटर मारलं की त्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीवर जाल, तिथे ते लिहिलंय तसं वाचता येतं, कॉपी करून नाव बदलून स्वतःचं करता येतं.